पस्तीस हजार गावांचे प्रजासत्ताक

रोदेझ हे दक्षिण फ्रान्समधल्या आव्हेरों जिल्ह्याचे ठिकाण. तेथून मोटारीने वायव्येकडे निघाले की थोड्याच वेळात दुर्दू नावाच्या लहानशा नदीचे खोरे लागते आणि माती एकदम लाल होते. कोकणातल्या माणसाला घरी आल्यासारखे वाटावे इतकी लाल. हा जांभा नव्हे, लाल वालुकाश्म आहे. पण डोळ्यांना तेवढा भेद कळत नाही. पुढे खोरे अरुंद होत जाते, दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ येतात, लाल माती संपून पापुद्र्यांच्या करड्या दगडाचा मुलूख सुरू होतो आणि ऊश नावाचा ओढा जिथे दुर्दूला मिळतो, त्याच्या वरच्या उतारावर कोंक हे गाव चिकटून बसलेले दिसते. वस्ती अडीच-तीनशे माणसांची. घरांची छपरे त्याच करड्या दगडाच्या चिपांची. आणि मधोमध एक अवाढव्य मठ-चर्च, एखाद्या शहराला शोभावे असे.

माझा भाचा तुलूझला नोकरीला असतो. त्याने मला येथे आणले ते हे चर्च दाखवायला. दारावरच्या कमानीत बाराव्या शतकातला 'अखेरचा न्याय' कोरलेला आहे. सव्वाशेच्या आसपास मूर्ती, एकीकडे रांगेत उभे असलेले पुण्यवान, दुसरीकडे सैतानाच्या हाती सापडलेले पापी. ते मी मन लावून पाहिले. पण नंतर माझे पाय अडले ते गावच्या कचेरीबाहेरच्या काचेच्या पेटीपाशी.

"मामा, नोटिसा काय वाचत बसलात? लोक कुठून कुठून ते शिल्प बघायला येतात."

"अरे, शिल्प नऊशे वर्षे तिथेच आहे. या नोटिसा दहा दिवसांनी काढतात."

दहा दिवस हे मी उगाच म्हटले नव्हते. फ्रान्समध्ये लग्न करायचे तर त्याची जाहीर सूचना कचेरीच्या दारावर दहा दिवस लावावी लागते आणि मग लग्न लागते तेही आधी त्याच कचेरीत, मेयरसमोर. चर्चमध्ये जायचे असेल तर त्यानंतर. अशा पेटीत आणखी बरेच काही असते. शिकारीच्या हंगामाच्या तारखा, उन्हाळा असेल तर पाणी जपून वापरण्याचा प्रीफेक्टचा हुकूम (प्रीफेक्ट म्हणजे साधारण आपला कलेक्टर), गावच्या सभेत काय ठरले त्याची यादी. आपल्याकडच्या ग्रामपंचायतीचा फलक आणि तलाठ्याच्या चावडीचा फलक एकत्र केला तर जे होईल, ते.

पण त्या कागदांवर गावाचे नाव कोंक नव्हते. 'कोंक-आं-रुएर्ग' असे होते. भाच्याने सहज सांगितले, कोंक नावाचे गाव आहे, पण कोंक नावाची कम्यून आता नाही. १ जानेवारी २०१६ रोजी ती संपली. हे ऐकल्यापासून तो विषय डोक्यातून जाईना.

'कम्यून' हा शब्द ऐकून कोणाला साम्यवाद्यांची आठवण झाली तर त्याचा दोष नाही. पण फ्रान्समध्ये कम्यून म्हणजे राज्यव्यवस्थेतला सगळ्यात लहान घटक. गाव, त्याभोवतीची शेते, रान, ओढे, दूरच्या दोन-चार वाड्या एवढे सगळे मिळून एक कम्यून होते. देशाच्या जमिनीचा तसूभर तुकडाही कोणत्या ना कोणत्या कम्यूनमध्ये मोडतो. आपल्यालाही हा शब्द अगदी परका नाही. फ्रेंचांनी १८८० साली ही व्यवस्था आपल्या हिंदुस्थानातल्या वसाहतींत आणली आणि ते गेल्यानंतरही पुदुच्चेरीतल्या ग्रामीण कारभाराला 'कम्यून पंचायत' हेच नाव राहिले. तेथल्या समुद्रकिनाऱ्यावरची जुनी फ्रेंच नगरकचेरी २०१४ च्या पावसात कोसळली, तेव्हा ती होती तशीच पुन्हा बांधून काढली गेली.

फ्रान्समध्ये या घटकाचा जन्म क्रांतीच्या वर्षातला. १४ डिसेंबर १७८९ च्या कायद्याने प्रत्येक गावाला, मग ते केवढेही असो, सारख्याच दर्जाची नगरपालिका मिळाली. त्याआधी गाव म्हणजे चर्चची पॅरिश: एका पाद्र्याच्या घंटेचा आवाज जाईल एवढा मुलूख. क्रांतिकारकांनी पाद्र्याला बाजूला केले, पण त्याच्या हद्दी बहुतांशी तशाच ठेवल्या. १७९२ मध्ये जन्म-मृत्यू-विवाहाच्या वह्या पाद्र्याकडून काढून मेयरकडे दिल्या. पुढे नेपोलियनने मेयर नेमण्याचा अधिकार वरून चालवला, नंतरच्या राजवटींनी तो कधी सैल सोडला, कधी आवळला, आणि अखेर १८८४ च्या कायद्याने व्यवस्था पक्की झाली: गावाने सभासद निवडायचे, सभासदांनी आपल्यातून मेयर निवडायचा. आजही सांगाडा तोच आहे.

या मेयरला मराठीत काय म्हणावे? महापौर म्हटले तर अडीचशे वस्तीच्या गावात ते हास्यास्पद वाटते. सरपंच म्हणावे तर अधिकार कमी पडतात, कारण हा माणूस एकाच वेळी गावाचा निवडलेला पुढारी आणि सरकारचा हस्तक असतो. लग्ने तोच लावतो, जन्ममृत्यूची नोंद तोच करतो, गुन्हा घडला तर पोलीस अधिकाऱ्याचे काही अधिकार त्यालाच असतात, रानात बेवारशी कुत्रे फिरत असेल तर त्याचाही बंदोबस्त त्यालाच करायचा असतो. शंभराहून कमी वस्ती असेल तर सभासद ७, पाचशेच्या आत ११, दीड हजाराच्या आत १५. मदतीला एक कारकून, तोही बहुधा अर्धवेळ. पूर्वी हे काम गावचा मास्तर करी. पाचशेच्या आतल्या गावच्या मेयरचा भत्ता महिना १,००० युरोंच्या आसपास. तेथल्या महागाईत हे उपजीविकेचे साधन नव्हे.

अशा कम्यून किती असतील? ३५,००० च्या थोड्या खाली. युरोपीय संघातल्या एकूण नगरपालिका-ग्रामपालिकांपैकी एक तृतीयांशाहून अधिक एकट्या फ्रान्समध्ये आहेत. निम्म्याहून अधिक कम्यूनची वस्ती पाचशेच्या आत आहे. सरासरी क्षेत्रफळ १५ चौरस किलोमीटर, पण सरासरीने येथे फारसे काही कळत नाही. दक्षिणेतल्या आर्ल कम्यूनचा पसारा साडेसातशे चौरस किलोमीटरहून मोठा आहे, तर बोर्दोजवळच्या कास्तेलमोरों-दाल्ब्रे या कम्यूनचा चार हेक्टरांहूनही कमी. आपल्याकडच्या एखाद्या बऱ्यापैकी शेतकऱ्याचे एकत्र कुटुंबातले शेत एवढे असते. आणि द्रोम जिल्ह्यातले रोशफूर्शा? जनगणनेत तेथे एकच रहिवासी नोंदला गेला आहे. तरीही तेथे मेयर आहे आणि निवडून आलेली सभा आहे, कारण घर-जमिनीचा कर भरणाऱ्या बाहेरच्या माणसालाही तेथे मतदार म्हणून नाव नोंदवता येते.

हे वाचून आपल्याला हसू येते. पॅरिसमधल्या हिशेबनिसांना मात्र गेली पन्नास-साठ वर्षे हसू आलेले नाही. एका गावात पाच किलोमीटर रस्ता, एक चर्च, एक पाण्याची टाकी, एक स्मशानभूमी आणि नव्वद माणसे. यांच्यासाठी स्वतंत्र अंदाजपत्रक, स्वतंत्र निवडणूक, स्वतंत्र दप्तर. चर्चचा उल्लेख मी मुद्दाम केला. १९०५ मध्ये फ्रान्सने धर्म आणि राज्य यांची फारकत केली आणि त्या वेळी उभी असलेली गावोगावची चर्चे पुढे कम्यूनच्या मालकीची झाली. त्यामुळे आज गमतीची स्थिती अशी की, प्रार्थनेला महिन्यातून एकदा पाद्री येतो न येतो, पण छपरातून पाणी गळले की नास्तिक मेयरला रात्री झोप लागत नाही. कौले कोणी बसवायची? नव्वद माणसांनी.

मग हे मोडून का टाकत नाहीत? बेल्जियमने १९७७ साली २,३५९ कम्यूनच्या एका दमात ५९६ केल्या. स्वीडनने केले, पश्चिम जर्मनीने केले. फ्रान्सनेही १९७१ साली कायदा करून पाहिला. थोडीफार गावे एकत्र आली, त्यातली काही भांडून पुन्हा वेगळी झाली आणि आकडा छत्तीस हजारांवर थांबला तो थांबलाच.

याची दोन उत्तरे आहेत. एक राजकारणाचे आणि ते सरळ आहे. फ्रान्सच्या सिनेटची निवड सामान्य मतदार करत नाहीत, मुख्यतः गावोगावचे सभासद करतात. गांबेता या थोर पुढाऱ्याने १८७५ मध्येच सिनेटला फ्रान्समधल्या कम्यूनची महासभा म्हटले होते, आणि कम्यून बुडवण्याचा कायदा करायचा तर तो या महासभेपुढे न्यावा लागतो! दुसरे म्हणजे, राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला १९७६ पासून पाचशे लोकप्रतिनिधींच्या सह्या लागतात आणि त्यात पन्नास वस्तीच्या गावच्या मेयरची सही पॅरिसच्या मेयरच्या सहीइतकीच मोलाची असते. दर पाच वर्षांनी मोठमोठ्या पुढाऱ्यांचे दूत चिखलाच्या वाटा तुडवत वाडीवस्तीवर सह्या मागत हिंडतात.

दुसरे उत्तर स्मशानाचे आहे. वाचकांना व्हर्दंचे नाव पहिल्या महायुद्धामुळे माहीत असेल. १९१६ मधल्या त्या दहा महिन्यांच्या लढाईत आसपासची नऊ गावे जमीनदोस्त झाली. त्यांतली सहा पुन्हा वसलीच नाहीत. जमिनीत एवढा दारूगोळा आणि इतके मृतदेह होते की तेथे नांगर घालणे अशक्य होते. फ्लरी, बेझोंव्हो, ओमों, बोमों, लुव्हमों आणि क्युमिएर. या सहा गावांत शंभर वर्षांहून अधिक काळ एकही माणूस राहत नाही. पण फ्रान्सने ती कागदावरून पुसली नाहीत. तेथे निवडणूक होऊ शकत नाही म्हणून प्रीफेक्ट मेयरसारखा एक अध्यक्ष नेमतो. तो रान साफ ठेवतो, घरे होती तेथल्या खुणा जपतो, स्मृतिदिनी फुले वाहतो. हिशेबाच्या भाषेत याला काय म्हणायचे? कोणत्याही व्यवस्थापनतज्ज्ञाने पहिल्या सभेतच या सहा कम्यून रद्द केल्या असत्या.

फ्रान्समधल्या बहुतेक प्रत्येक कम्यूनमध्ये हुतात्म्यांचा एक स्तंभ असतो, त्यावर गावातल्या मृतांची नावे कोरलेली असतात. एका गावाच्या वाट्याला आपलीही नावे आली आहेत. उत्तरेतल्या पा-द-काले जिल्ह्यातले नव्ह-शापेल हे सपाट शेतांतले लहानसे गाव. ऑक्टोबर १९१४ मध्ये ते जर्मनांकडून परत घेण्यासाठी ज्या तुकड्या पाठवल्या, त्यांत ४७ वी शीख पलटण होती आणि पुण्याजवळच्या खडकीच्या सॅपर्सच्या २० व्या आणि २१ व्या कंपन्या होत्या. म्हणजे खंदक खणणे आणि पूल बांधणे हे ज्यांचे काम, ते त्या दिवशी संगिनी लावून गल्लीबोळांत लढले आणि त्यांतले फार थोडे परतले. पुढे मार्च १९१५ मध्ये त्याच गावापाशी मोठी लढाई झाली. आज गावाबाहेरच्या चौकात हिंदी सैनिकांचे गोलाकार स्मारक आहे. १९२७ साली त्याचे अनावरण झाले, त्यावर साडेचार हजारांहून अधिक नावे आहेत. खडकीहून निघालेल्या माणसाचा शेवटचा पत्ता म्हणून हे दीडएक हजार वस्तीचे गाव नोंदले गेले आहे. गावाचे नाव नकाशावर राहणे म्हणजे काय, हे अशा वेळी जरा वेगळे कळते.

आता पुन्हा कोंककडे येऊ. २०१० मध्ये फ्रान्सने जुनी जबरदस्ती सोडून नवी युक्ती काढली: 'नवी कम्यून'. शेजारच्या गावांनी आपखुशीने एक व्हावे, जुन्या गावाचे नाव, कचेरी आणि एक उप-मेयर ठेवावा, पण अंदाजपत्रक आणि सभा एकच. २०१५ मध्ये याला लाडूची जोड दिली. सरकार तेव्हा सगळ्याच गावांचे अनुदान कापत होते. जी गावे एकत्र येतील त्यांचे तीन वर्षे कापणार नाही, असे सांगितले. परिणाम अपेक्षित होता. १ जानेवारी २०१६ या एका तारखेला तीनशेहून अधिक नव्या कम्यून जन्माला आल्या. कोंक-आं-रुएर्ग त्यांतलीच एक.

चार गावे एकत्र आली, ती नकाशावर पाहण्यासारखी आहेत. कोंक घळीत; तेथे सपाट जागा म्हणून नाही, एक मोठे घर बांधायचे म्हटले तरी डोंगर कापावा लागेल. नदीच्या वरच्या अंगाला, लाल मातीच्या मोकळ्या खोऱ्यात सें-सिप्रियें. खालच्या अंगाला, जिथे दुर्दू लोत नदीला मिळते, तेथे ग्रां-वाब्र. आणि पश्चिमेच्या सड्यावर, यात्रेकरूंच्या वाटेवर, नोआयाक. चौघांची मिळून वस्ती सोळाशेच्या आसपास, क्षेत्र शंभर चौरस किलोमीटरच्या घरात. सें-सिप्रियेंकडे रस्ता, सपाटी आणि अधिक माणसे, कोंककडे कीर्ती. मग तडजोड झाली ती आपल्याकडे झाली असती तशीच: नाव कोंकचे, मुख्य कचेरी सें-सिप्रियेंला.

नावातली 'रुएर्ग' ही पुरवणीही मजेशीर आहे. रुएर्ग हा क्रांतीपूर्वीचा प्रांत. १७९० मध्ये जुन्या प्रांतांची नावे पुसून टाकायची म्हणून नदीवरून 'आव्हेरों' हे नवे नाव जिल्ह्याला दिले. सव्वादोनशे वर्षांनी पुसलेले नाव एका सरकारी एकीकरणाच्या दाराने परत आले.

कोंकच्या माणसाच्या दृष्टीने तो काळ विलक्षण गेला असणार. कोंक हे आधी एका कँटनचे, म्हणजे मतदारसंघवजा तालुक्याचे ठिकाण होते. देशभरातल्या कँटनची संख्या जवळपास निम्म्यावर आणली गेली, त्यात २०१५ साली कोंकचा कँटन गेला. पुढच्या जानेवारीत कम्यून गेली. त्याच तारखेला मिदी-पिरेने हा विभागही शेजारच्या लांगदोक-रुसियोंमध्ये विलीन झाला आणि दोघांचा मिळून ऑक्सितानी झाला. एखादी म्हातारी स्वयंपाकघरातून न हलता नऊ महिन्यांत तीन वेगळ्या हद्दींत राहायला गेली.

मी या एकीकरणाला सरसकट वाईट म्हणणार नाही. कोंकमध्ये वर्षाला काही लाख पर्यटक येतात. त्यांचा कचरा, त्यांची वाहने, त्यांचे पाणी अडीचशे माणसांच्या पंचायतीने एकट्याने सांभाळावे ही अपेक्षाच चुकीची. ते चर्च आणि खालचा जुना पूल १९९८ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. नवव्या शतकात इथल्या एका संन्याशाने आजां गावातून सेंत-फ्वा या संत मुलीच्या अस्थी पळवून आणल्या, त्यावर हे सगळे वैभव उभे राहिले. आणि क्रांतीच्या धामधुमीत सोन्याच्या मूर्तीसह तो खजिना गावकऱ्यांनी घराघरांत लपवून वाचवला, असे सांगतात. ज्या गावाने हे केले त्याला दप्तर सांभाळता येत नव्हते असे नव्हे. पैसा पुरत नव्हता.

मला खटकते ते दुसरेच. एकीकरण निदान उघडपणे, ठराव करून होते. पण जी हजारो गावे एक झाली नाहीत त्यांचे अधिकारही एकेक करून निघून गेले, आणि ते कोणाच्या फारसे लक्षात आले नाही. प्रत्येक कम्यूनला शेजाऱ्यांच्या 'समुदायात' राहणे भाग पडले, आणि २०१५ च्या एका कायद्याने त्या समुदायाची वस्ती डोंगराळ भाग वगळता किमान १५,००० हवी असे ठरले. कचरा समुदायाकडे, बांधकामाचा आराखडा बऱ्याच ठिकाणी समुदायाकडे. राहत्या घरावरचा कर २०२३ पर्यंत पूर्णपणे रद्द झाला, म्हणजे गावात भाड्याने राहणारा माणूस गावाला थेट काहीच देईनासा झाला. देणे नाही, मग जाब विचारणेही नाही.

पाण्याची कथा तर सांगण्यासारखी आहे. पिण्याचे पाणी आणि सांडपाणी हेही सक्तीने समुदायाकडे जाणार होते, आधी २०२० मध्ये, मग मुदत वाढून २०२६ मध्ये. डोंगरी गावांनी आरडाओरड केली. आमचा झरा आमच्या डोंगरात, आमची नळाची लाइन आमच्या म्हाताऱ्या प्लंबरला पाठ. चाळीस किलोमीटरवरच्या कचेरीला ती काय कळणार? दहा वर्षे हा वाद चालला. एप्रिल २०२५ मध्ये संसदेने सक्ती मागे घेतली. पण तोवर पुष्कळ गावांनी मुदतीच्या धाकाने झरे देऊन टाकले होते, आणि त्यांना ते परत मिळण्याची तरतूद झाली नाही. कायद्याचे पालन वेळेवर करणारा फसला आणि टंगळमंगळ करणारा वाचला. हा अनुभव फक्त फ्रेंचांचाच आहे असे म्हणवत नाही.

अधिकार गेले, पण दारावरची पाटी तीच राहिली, त्यामुळे लोक पूर्वीसारखेच मेयरकडे येतात. कचऱ्याची गाडी आली नाही तर मेयर. डॉक्टर गाव सोडून गेला तर मेयर. ऑगस्ट २०१९ मध्ये व्हार जिल्ह्यातल्या सिन्य गावचे वयोवृद्ध मेयर जाँ-मात्यू मिशेल यांनी रस्त्याकडेला राडारोडा टाकणाऱ्यांना हटकले. त्यात गाडीखाली सापडून त्यांचा मृत्यू झाला. सगळा देश हळहळला. मार्च २०२३ मध्ये सें-ब्रेव्हें या किनाऱ्यावरच्या गावच्या मेयरचे घर पेटवून देण्यात आले, कारण गावात निर्वासितांसाठी केंद्र होत होते. त्यांनी पुढे राजीनामा दिला. ही टोकाची उदाहरणे झाली. पण २०२० च्या निवडणुकीनंतरच्या पाच वर्षांत दोन हजारांहून अधिक मेयरांनी मुदत संपण्याआधी पद सोडले, त्यातली बहुसंख्य मारामारीमुळे नव्हे. सभेतली भांडणे, प्रकृती, थकवा.

या पार्श्वभूमीवर मे २०२५ मध्ये आणखी एक कायदा झाला. हजाराच्या आतल्या गावांत मतदानाची एक जुनी, खास गावरान पद्धत होती. मतपत्रिकेवर उमेदवारांची नावे छापलेली असत आणि मतदार पेन घेऊन नको ते नाव सरळ खोडून टाकी, हवे ते दुसरे लिही. मोजणी उघड्यावर, आकडे नावानिशी जाहीर. भाऊबंदकी, बांधाची भांडणे, रविवारच्या शिकारीतले रुसवेफुगवे सारे त्या खोडण्यात उतरे. स्वतःला गावाचा आधार समजणाऱ्या माणसाला आपले नाव किती जणांनी खोडले हे त्याच संध्याकाळी समजे. मार्च २०२६ च्या निवडणुकीपासून ही पद्धत बंद झाली. आता शहरासारखी पूर्ण यादी, एक पुरुष एक स्त्री अशा क्रमाने, खोडाखोडीला मनाई.

स्त्रियांच्या बाजूने पाहिले तर हे योग्यच झाले. मेयरांमध्ये स्त्रिया पाचांत एकच होत्या, आणि पेनने खोडण्याच्या पद्धतीत बाईचे नाव लवकर खोडले जाई अशी तक्रार जुनी होती. पण २०२० मध्येच शंभरएक कम्यूनमध्ये पहिल्या फेरीला एकही उमेदवार मिळाला नव्हता. जेथे एकटादुकटा माणूस उभा राहायला नाखूश, तेथे क्रमवार यादी जमवणे म्हणजे लग्नाच्या पंगतीला आग्रहाने माणसे बसवण्यासारखेच. यादी जमली नाही तर शेजाऱ्यात विलीन व्हा, हा सल्ला तयार असणारच. मला तरी या कायद्याचा खरा परिणाम समतेपेक्षा एकीकरणावर अधिक होईल असे वाटते.

नोव्हेंबर २०१८ मध्ये पिवळी जाकिटे घालून लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा निमित्त डिझेलवरच्या कराचे होते. पण तो कर ज्यांना टोचला त्यांना दवाखाना, पोस्ट, कोर्ट, बाजार या सगळ्यासाठी गाडी काढावी लागत होती. राष्ट्राध्यक्ष माक्रों यांच्यावर सगळीकडून राग बरसत असताना लोकांनी गाऱ्हाणी लिहायच्या वह्या कोठे उघडल्या? गावच्या कचेरीत. १७८९ मध्ये लिहिल्या होत्या तशाच. आणि जानेवारी २०१९ मध्ये माक्रों यांनी 'महाचर्चा' सुरू केली ती नॉर्मंडीतल्या एका लहान गावी, शेकडो मेयरांच्या पुढ्यात बसून. त्यानंतर सरकारने 'फ्रान्स सेवा' नावाच्या खिडक्या उघडल्या, आज त्या अडीच हजारांहून अधिक आहेत. कर, पेन्शन, नोकरीचे कागद एका जागी. सोय चांगली आहे. पण खिडकीमागचा माणूस निवडून आलेला नसतो, आणि संध्याकाळी बाजारात भेटत नाही.

नव्वद माणसांच्या गावाला स्वतंत्र अंदाजपत्रक हवेच असे मला वाटत नाही. स्वतंत्र पाणीखातेही नको असेल तर नको. पण ज्याचे दार रात्री ठोठावता येते आणि ज्याला निर्णय घेण्याचा थोडा तरी अधिकार आहे, असा एक माणूस त्या नव्वदांमध्ये राहिला पाहिजे. पाटी ठेवून अधिकार काढून घेणे हा सगळ्यात वाईट मार्ग आहे, आणि फ्रान्सने बरीच वर्षे तोच चालवला आहे.

कोंकहून परतताना आम्ही मुख्य रस्ता सोडून एका वाडीकडे वळलो. चार घरे, एक गोठा, अक्रोडाची झाडे. पण वाटेच्या तोंडाशी नवी कोरी निळी पाटी होती, आणि पहिल्याच घराचा क्रमांक तीनशेच्या पुढचा. मला वाटले, भाषेचा घोटाळा झाला असेल. भाचा हसला. २०२२ च्या कायद्याने लहानातल्या लहान कम्यूनलाही प्रत्येक वाटेला नाव आणि प्रत्येक घराला क्रमांक देणे बंधनकारक झाले. रुग्णवाहिका, टपाल आणि इंटरनेटच्या तारा यांना घर सापडावे म्हणून. आजवर पोस्टमन माणसाच्या आणि वाडीच्या नावावर घर शोधत असे. गावोगावच्या सभांनी संध्याकाळी बसून बिननावाच्या पायवाटांना नावे दिली. जेथे चार गावे एक झाली तेथे प्रत्येकाची 'चर्चची गल्ली' होती, तेव्हा तीन गावांना आपली सोडावी लागली. आणि वाडीवर क्रमांक मोजायचे ते घरे मोजून नव्हे, अंतर मोजून. वाट जेथून सुटते तेथपासून घर जितके मीटर दूर, तितका त्याचा क्रमांक. मध्ये उद्या कोणी घर बांधले तरी गणित बिघडत नाही.

"म्हणजे हे शेवटचे घर?"

"एक हजार एकशे चाळीस," भाचा पाटी वाचून म्हणाला. "पण दार बंद दिसतंय, मामा. चला, रोदेझला पोहोचेपर्यंत अंधार होईल."